गाणी भरून मिळतील

२००८ ते २०१५ या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या बाहेर पडलं की एक पाटी दिसायचीच: 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. तिच्याखाली रिचार्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्जंट पासपोर्ट फोटो. आत कळकट कीबोर्ड, एक कार्ड रीडर आणि एक पोरगा. तो पोरगा हेच त्या दुकानाचं खरं भांडवल. गिऱ्हाईक बघून तो फोल्डर उघडायचा. ट्रक ड्रायव्हरला कुमार सानू आणि अल्ताफ राजा, मंडळाच्या कार्यकर्त्याला गणपतीचे डीजे, वारीला निघालेल्या बाबांना प्रल्हाद शिंदे आणि भीमसेनांचे अभंग. एप्रिल लागला की भीमगीतांचं फोल्डर थेट डेस्कटॉपवर यायचं. दोन जीबीचं कार्ड वीस-तीस रुपयांत गच्च भरून मिळायचं आणि प्रत्येक गाण्याच्या नावाला कुठल्या ना कुठल्या वेबसाइटचं शेपूट चिकटलेलं असायचं.

कायद्याने बघितलं तर तो पोरगा सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत चोरीचा माल विकत होता. गिऱ्हाइकांच्या हे गावीही नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते दुकानात गेले, माल घेतला, पैसे दिले आणि घासाघीससुद्धा केली.

'आपल्या लोकांना सगळं फुकट हवं असतं' हे मी प्रकाशकांकडून ऐकलंय, नाटकवाल्यांकडून ऐकलंय, एकदा एका गायकाने मैफलीच्या मध्यंतरात चहा पिता पिता ऐकवलंय. त्या दुकानापुढची गर्दी आठवली की मला ते पटेनासं होतं. त्या गर्दीत रोजंदारीवर जाणारी माणसं असायची. दिवसाच्या कमाईतले तीस रुपये गाण्यांवर खर्च करणाऱ्याला फुकटा कसं म्हणायचं? आणि नवे सिनेमे आले, सण आले की तो पुन्हा यायचा, पुन्हा पैसे द्यायचा. त्यातला एक रुपयाही गाणाऱ्याला, गीतकाराला किंवा कंपनीला पोचत नव्हता, एवढंच. आपल्याकडच्या पायरसीचा अर्धाअधिक उलगडा मला या दुकानात होतो. खिशातून पैसे निघतात, ज्याने समोर उभं राहून वस्तू हातात ठेवली त्याच्या गल्ल्यात जातात, आणि ज्याने ती वस्तू घडवली तो या व्यवहारात कुठे नसतोच.

कॉम्प्युटर यायच्या आधीही हेच चालू होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट रेकॉर्डिंगची दुकानं होती. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, साठ मिनिटांची कॅसेट हवी की नव्वदची ते सांगायचं, आठवड्याने यायचं. मालकाकडे रेकॉर्डची थप्पी असायची, आणि काही मालक तर इतके चोखंदळ की तुमच्या यादीत 'हे गाणं त्याच्यानंतर नको, रसभंग होतो' अशी दुरुस्ती करायचे. एचएमव्हीची अधिकृत कॅसेट घ्यायला काय हरकत होती? एक तर ती महाग. दुसरं म्हणजे तिच्यावर हवं असलेलं गाणं एक आणि नको असलेली नऊ. आणि मुख्य म्हणजे ती आमच्या बाजारपेठेत यायचीच नाही. पुण्या-मुंबईला कोणी जाणार असेल तर त्याच्याकडे पैसे देऊन ठेवायचे आणि तो विसरणार हे धरून चालायचं.

ही अडचण गुलशन कुमारने ओळखली. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातला हा माणूस. १९८३ मध्ये त्याने सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली, तिचीच पुढे टी-सीरिज झाली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली एक तरतूद होती: गाणं बाजारात येऊन ठरावीक काळ लोटला की मूळ हक्कदाराला सूचना देऊन, शुल्क भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता येत असे. त्या वाटेने जुनी गाणी नव्या आवाजांत बाहेर आली. जाणकारांनी नाकं मुरडली. पण कॅसेट स्वस्त होती आणि पानटपरीवर, किराणा दुकानात, रसवंतीगृहात टांगलेली होती. हात वर केला की मिळायची. लोकांनी धडाधड विकत घेतली. तीच टी-सीरिज २०१९ मध्ये यूट्यूबवर दहा कोटी वर्गणीदार गाठणारं जगातलं पहिलं चॅनल ठरली, आणि आज तुमच्या भाच्याच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत मागे तिचं गाणं वाजत असेल तर यूट्यूब तुम्हाला ताबडतोब हक्काची जाणीव करून देतं.

दुसऱ्या बाजूने धाक दाखवायचे प्रयत्नही झाले. संगीत कंपन्यांच्या संघटनेने पायरसीविरोधी मोहिमेसाठी मुंबईचे माजी पोलिस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांच्यासारखा माणूस आणला. महाराष्ट्र सरकारने त्याहून पुढे जाऊन, झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात २००९ साली व्हिडिओ पायरेट्सची भर घातली. पुढे त्याच कायद्यात वाळू तस्करही आले. म्हणजे फूटपाथवर सिनेमाच्या सीडी विकणारा आणि नदी पोखरणारा हे एकाच कायद्याच्या नावात शेजारी शेजारी बसले. या कायद्याखाली खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवता येतं. पेपरात जप्त सीडींच्या ढिगासह पोलिसांचे फोटो यायचे आणि चार दिवसांनी त्याच फूटपाथवर तीच चादर अंथरलेली दिसायची.

कार्ड भरण्याचं दुकान यातल्या कशानेही बंद झालं नाही. ते बंद केलं जिओने. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने डेटा फुकट होता, आणि नंतरही इंटरनेट पूर्वीच्या मानाने पुष्कळच स्वस्त राहिलं. दोन-एक वर्षांत त्या पाट्या उतरल्या. तो पोरगा हल्ली टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर विकतो, आणि सात-बारा काढून देतो. या काळात महाराष्ट्राच्या नीतिमत्तेत काही सुधारणा झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. लोक आजही गाण्याला पैसे देत नाहीत, रिचार्जला देतात. नळ तोच, फक्त मागची पाइपलाइन बदलली, आणि त्यामुळे जाहिरातीचे, वर्गणीचे, मोबाइल कंपन्यांशी केलेल्या करारांचे थोडे थेंब हक्कदारांपर्यंत पोचू लागले. ते थेंब कलाकाराला पुरतात का, हा निराळा आणि बराच कडू विषय आहे.

व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये रशियाचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा प्रश्न नसून सेवेचा असतो. चोरटा माणूस तुमच्यापेक्षा बरी सेवा देत असेल तर गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाणार. नेटफ्लिक्सला भारतात हे अर्धंच खरं ठरलं. जानेवारी २०१६ मध्ये ते आलं तेव्हा सगळ्यात स्वस्त योजना महिन्याला ५०० रुपयांची होती. सेवा उत्तम, पण एवढे पैसे देणारी घरं मोजकी आणि त्यांचा पासवर्ड वापरणारी घरं अगणित. डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलची योजना १४९ रुपयांवर आणावी लागली. म्हणजे किंमत हा प्रश्न आहेच. पण पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या पोरांकडे पाहा. घरून येणाऱ्या पैशांत खोलीभाडं आणि मेस कशीबशी भागवणारी ही मुलं क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्सवर हजारो रुपये घालवतात. पानामागे पैसे मोजतात, वर स्पायरल बाइंडिंगचे वेगळे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी खटला भरला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या त्या प्रती कायद्यात बसतात असा निकाल दिला. निकालाइतकाच मला तो दुकानदार लक्षणीय वाटतो. जगातली तीन बलाढ्य प्रकाशनं ज्या वाचकापर्यंत पोचत नव्हती, त्याच्यापर्यंत तो रोज पोचत होता, आणि पैसे घेऊन पोचत होता.

मराठी सिनेमाची कथा थोडक्यात उरकतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या गुरुवारी उतरतो, तोही शहरात. कित्येक तालुक्यांत आता पडदाच उरलेला नाही. तिथल्या माणसाने पैसे घेऊन जायचं कुठे? माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. ती तीन-चार ओटीटीची वर्गणी इमानेइतबारे भरते आणि मराठी नाटक मात्र कुणीतरी चोरून चढवलेलं, हलत्या कॅमेऱ्याचं बघते. 'इथे पैसे भरायचं बटणच नाही रे,' असं ती म्हणते. 'हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं पडद्यावर वाचून कोणी मुकाट्याने झोपायला गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुस्तकांपाशी आलं की मात्र माझी पंचाईत होते. गाण्यांच्या बाबतीत 'कंपन्यांना काय फरक पडतो' असं म्हणून निसटता येतं. मराठी पुस्तकाच्या मागे कंपनी नसते. एक प्रकाशक असतो, त्याचं गोदाम म्हणजे बऱ्याचदा राहत्या घराचा खालचा मजला, आणि हजार प्रतींची आवृत्ती संपायला तीन-चार वर्षं. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला दहा टक्के धरले तर हजार प्रतींचे होतात तीस हजार, तेही हिशेब वेळेवर झाला तर. दुसऱ्या बाजूला व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतो: 'पाचशे मराठी पुस्तकांच्या पीडीएफ, हव्या असतील त्यांनी हात वर करावा.' खाली पन्नास हात वर. पाचशे पीडीएफ घेणारा माणूस पाचशे पुस्तकं विकत घेणार होता असं मी मानत नाही. तो ती वाचणारही नाही. पण त्यातली दोन त्याने कदाचित घेतली असती, आणि हजारांच्या आवृत्तीत अशा दोनदोनांनाच महत्त्व असतं.

इथे पैसे घेणारा पोरगाही उरलेला नाही. दुकान नाही, रांग नाही. पीडीएफ पाठवणाऱ्याला मिळतो तो मान: 'सर, तुमच्याकडे खजिना आहे.' आणि त्या खजिन्यात काय काय असतं! राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःच संकेतस्थळावर मोफत ठेवलेले ग्रंथ असतात, ई साहित्य प्रतिष्ठानची लेखकांच्या संमतीने काढलेली विनामूल्य पुस्तकं असतात (ज्यांत वाचकाला विनंती असते की आवडलं तर लेखकाला फोन करा), साने गुरुजी असतात, ज्यांच्या लेखनावरचा हक्क मृत्यूनंतरची साठ वर्षं संपून २०११ च्या १ जानेवारीला सुटला. आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून गेल्या दिवाळीत आलेली कादंबरी बसलेली असते. पाठवणाऱ्याला यात फरक दिसत नाही. फाइल ती फाइल.

पण मराठी माणूस पुस्तकाला पैसे देत नाही, असं म्हणणाऱ्याने ६ डिसेंबरला दादरला जावं. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. मराठवाड्यातून, विदर्भातून रेल्वेच्या जनरल डब्यातून उभ्याने आलेली माणसं पिशवीभर पुस्तकं घेऊन त्याच डब्यातून परत जातात. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र सरकार १९७९ पासून काढतं, आणि त्यांच्यासाठी रांगा लागतात. या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. हातात नोटा घेतलेला वाचक रांगेत उभा आणि खंडच छापून नाहीत. अशा वेळी त्याला मोबाइलवर पीडीएफ मिळाली, तर यात कोणी कोणाचं काय लुटलं?

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर पीडीएफ टाकण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. एकदा त्यांनी एक जुनं प्रवासवर्णन टाकलं, आणि मी पाहिलं तर पानापानावर त्यांच्या अंगठ्याची सावली.

'काका, हे तुम्ही स्वतः केलंत?'

'अरे, तीनशे वीस पानं आहेत. दोन दुपारी गेल्या. लायब्ररीचं पुस्तक, परत द्यायचं होतं.'

'विकत नाही मिळत?'

'फोन केला होता प्रकाशकाला. त्यांचा मुलगा बोलला. आवृत्ती संपलीय, पुन्हा काढायचा विचार नाही म्हणाला. लेखक जाऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली, घरचे कुठे असतात ते त्यालाही ठाऊक नाही. आता काय करतोस?'

मला काही उत्तर सुचेना. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ च्या अखेरीस सुटणार होते तेव्हा सरकारने मृत्यूनंतरची पन्नास वर्षांची मुदत साठ केली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. त्या हिशेबाने काकांचं प्रवासवर्णन आणखी वीस-पंचवीस वर्षं कोणी छापायचं नाही आणि कोणी वाटायचंही नाही. ज्यांच्यासाठी ते राखून ठेवलंय त्यांना ते आपलं आहे याचा पत्ता नाही. काकांची सावली पडलेली ती फाइल हीच सध्या त्या पुस्तकाची नवी आवृत्ती. तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी स्कॅनच्या अॅपचं नाव नव्हतं, ते माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाले, 'ते जावं म्हणून वर्षाचे पैसे भरले की. नाव आलं की पान घाण दिसतं.'

म्हणजे पुस्तकासाठी पैसे दिले होतेच. अॅपवाल्याला.

'आणि परवा टाकलीत ती कादंबरी?' मी विचारलं. 'ती तर दुकानात मिळते.'

'ती मी नाही केली. आली होती कुठून तरी, पुढे पाठवली.'

'साडेतीनशे रुपये किंमत आहे, काका. लेखक कोथरूडला राहतात.'

'कोथरूडला?' काका एकदम सरसावून बसले. 'मग बोलवूया की त्यांना संघात! दुसऱ्या शनिवारी कार्यक्रम असतो आपला. हजार रुपये मानधन देतो आम्ही, शिवाय शाल, श्रीफळ, रिक्षाचं भाडं. तुझी ओळख आहे का?'

मी मनात हिशेब केला. साडेतीनशेच्या पुस्तकावर लेखकाला दहा टक्के, म्हणजे हजार रुपये झाले जवळजवळ तीस प्रतींचे. काकांनी ग्रुपवर कादंबरी टाकली त्या दिवशी तिच्याखाली नमस्काराचे हात त्याहून जास्त होते. हे त्यांना सांगावं की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनी खिशातून डायरी काढून शनिवारची तारीख टिपलीसुद्धा.

'आणि येताना दहा-बारा पुस्तकं आणायला सांग त्यांना,' लिहिता लिहिता ते म्हणाले. 'सही करून दिली तर लोक घेतात.'